धरलेला आकडा

१

आता तुम्हीच सांगा, माणसाने विश्वास ठेवावा तो कोणावर? डोळ्यांवर म्हणाल, तर डोळे घाबरट. कान हावरे; कोणी न बोललेलंसुद्धा ऐकून मोकळे होतात. सख्ख्या माणसांवर ठेवावा, तर ती आपलं मन राखायला बघतात. तांब्याच्या मोडीचा एक म्हातारा व्यापारी होता. वजन करताना तो काट्याकडे स्वतः कधीच बघायचा नाही. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तुम्हीच वाचा हो. मला जे दिसायला हवं असतं तेच मला दिसतं." लोक त्याला अर्धवट म्हणायचे, आणि माल घालायला त्याच्याच दारात रांग लावायचे.

ज्याची ही गोष्ट आहे तो दुकानदार उमेदीच्या काळात याच म्हाताऱ्याकडून तार आणायचा. तेव्हा त्याचं दुकान नव्हतं. मामाच्या वाइंडिंगच्या कारखान्यात तो कॉइली गुंडाळायला बसायचा. लांबलचक टेबल, टेबलाला रांगेने बसवलेली हाताने फिरवायची यंत्रं, आणि प्रत्येक यंत्रामागे ओठ हलवत बसलेला एकेक माणूस. बाहेरून आलेल्याला वाटावं, इथे सगळे मिळून कसला तरी जप करतायत. ते वेढे मोजत असायचे. कॉइलीत सगळा जीव वेढ्यांच्या संख्येत. दहा वेढे इकडचे तिकडे झाले, की पलीकडे कोणाचं तरी यंत्र जळालंच म्हणून समजा.

पण माणूस म्हटला की मधेच उठावं लागतं. तहान लागते, कोणी हाक मारतं. तेव्हा शेजाऱ्याला सांगायचं, "आकडा धर, चारशे सात." शेजाऱ्याने स्वतःची मोजणी न सांडता म्हणायचं, "धरला, चारशे सात." परत येऊन बसलं की म्हणायचं, "सोड." शेजारी आकडा सांगायचा आणि हात पुढे चालू व्हायचा. एका डोक्यात दोन आकडे वागवायची ही कसरत तिथे सगळ्यांनाच जमायची.

नियम एकच होता. 'धरला' असं कानावर पडल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

मामा म्हणायचा, "आकडा मोकळा सोडून उठलात, तर तो कोण उचलेल त्याची जबाबदारी माझ्यावर नाही." सगळे हसायचे. मामाही हसायचा, पण जरा उशिरा.

२

पुढे मामा गेला, कारखाना मोडला. आपल्या माणसाने गल्लीच्या टोकाला विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तो आणि त्याची बायको, आतल्या खोलीत त्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेलेले. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. साठी उलटली तरी ती त्याला 'ठोंब्या' म्हणायची, तेही गिऱ्हाइकाच्या देखत. आता तिची छाती कामातून गेली होती. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र ठेवलेलं, त्याची नळी तिच्या नाकाला. यंत्र चालू तोवर ताई ठणठणीत. सगळ्यांची उणीदुणी काढायला मोकळी.

घोडं पेंड खायचं ते दुपारी. गल्लीतले लेथ आणि वेल्डिंगचे कारखाने एकदम चालू झाले, की टोकाच्या घरापर्यंत वीज पोचायची ती दमून. बल्ब पिवळे पडायचे, पंखा कण्हायचा, आणि ताईचं यंत्र दोनदा शिट्टी मारून बंद पडायचं. मग सिलिंडर लावायचा. एके दिवशी सिलिंडरचा काटा खाली बसला तरी कारखाने थांबेनात. ताईचे ओठ जांभळे पडायला लागले. दुकानदार अनवाणी धावत सुटला, दारादारांत हात जोडत फिरला, "पाच मिनिटं बंद ठेवा हो," म्हणून. लोक भले, त्यांनी बंद ठेवलं. पण असं रोज कोण ठेवणार?

इतक्या पडलेल्या विजेवर चालेल असा तयार स्टॅबिलायझर कोणाकडे नव्हता. कंपनीला कळवू, म्हणाले. कधी येईल ते सांगता येत नाही. तेव्हा त्याने ठरवलं, आपणच ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा. एका बाजूने दमलेली वीज घालायची, दुसऱ्या बाजूने पुरती करून घ्यायची. कमी-जास्त करायला चार टप्पे आणि एक गोल खटका.

त्याचा मेहुणा ऐकून म्हणाला, "भाऊजी, आयुष्यभर लोकांना सांगितलंत, घरी खटपट करू नका, तयार माल घ्या. आता गिऱ्हाइकं तुमच्या नावाने हसतील."

"हसू देत. तू व्हार्निश आण."

लोखंडाचा गाभा मिळाला मोडीत निघालेल्या शीतगृहातला. त्याच्या पातळ पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. त्याने त्या एकेक ठोकून सुट्या केल्या, रॉकेलने पुसल्या आणि वर्तमानपत्रावर वाळत घातल्या. तार बंद पडलेल्या छापखान्याच्या यंत्रातून काढलेली, पण जणू कालच ओढलेली, मधाच्या रंगाची. तार गुंडाळायची बॉबिन कपाटाच्या जुन्या फळीतून कापली. फिरवायला मामाच्याच कारखान्यातलं एक हातयंत्र होतं. माळ्यावर पडून होतं, तेल दिल्यावर तक्रार न करता फिरायला लागलं.

"काय करतोयस रे बाहेर?" ताईने आतून विचारलं.

"तुझ्यासाठी वीज गुंडाळतोय."

"गाठी मारू नकोस म्हणजे झालं. तुझ्या चपलेच्या पट्ट्यालासुद्धा मीच गाठ मारत आलेय."

३

दुपार होती. बायको खाली दुकानात बसली होती. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा टेबलावर पडलेला, त्यातून तार जायची तेव्हा क्षणभर पेटल्यासारखी दिसायची आणि बॉबिनवर जाऊन विझायची. चाकाची टिकटिक, पंख्याचं कण्हणं, आतून यंत्राचा सुस्कारा. तार तर्जनीवरून सरकत होती. जुन्या वाइंडरच्या त्या बोटाला एक बारीक खाच पडलेली असते, मरेपर्यंत बुजत नाही. तार आपोआप त्या खाचेत येऊन बसली, जुनं कुत्रं अंगणातल्या आपल्या जागी येऊन बसावं तशी. आकडे ओठांवरून ओघळत होते. असं वाटत होतं की आपण झोपलोय, आणि हात तेवढे कामावर गेलेत.

खालून मेहुण्याने हाक मारली, "भाऊजी, व्हार्निश! आणि रिक्षावाला थांबलाय, ओझं आहे, उतरा लवकर!"

"आकडा धर, तीनशे बारा," दुकानदार म्हणाला, आणि उठून गेला.

एवढीच चूक झाली. तीस वर्षं जिभेवर झोपलेली सवय ती. खोलीत कोणी नाही, आपण हे कोणाला सांगतोय, एवढासुद्धा विचार मनात आला नाही. 'धरला' असं कोणी म्हणालं की नाही तेही त्याने ऐकलं नाही.

खाली मेहुण्याने डोकं खाल्लं. रिक्षावाल्याशी त्याचं काय वाजलं, व्हार्निशवाला कसा मुलखाचा कंजूष, सगळं साद्यंत. दुकानदार डबा घेऊन वर आला तेव्हा आकड्याच्या जागी रिक्षावाल्याच्या शिव्या होत्या. तो टेबलाशी बसला, मूठ हातात घेतली, आणि जीभ आपली आपण म्हणाली, "सोड."

"तीनशे बारा."

त्याने चाक फिरवलं. तेरा, चौदा, पंधरा. मग हात थांबला. मानेवरचे केस उभे राहिले ते त्याला जाणवले, एकेक.

आवाज जवळून आला होता. बाईचा म्हणाल तर बाईचा, पुरुषाचा म्हणाल तर पुरुषाचा. पण बोलण्याची तऱ्हा त्याला पुरती ओळखीची होती. स्वतःची मोजणी सुरू ठेवून शेजाऱ्याला उत्तर देणारा माणूस असाच बोलतो. ओठ जेमतेम उघडून, कुठे न बघता.

बायकोला विचारावं म्हणून त्याने जिन्यावरून वाकून पाहिलं. ती खाली गिऱ्हाइकाला होल्डर दाखवत होती. ताई झोपलेली. तो परत आला आणि थर मोजले. एका थरात बावन्न वेढे बसत होते. सहा थर भरलेले, वर तीन वेढे.

आकडा बिनचूक होता.

माझंच डोकं बोललं, त्याने स्वतःला समजावलं. आत कुठेतरी आकडा शिल्लक होता, तो जुन्या सवयीने वर आला. हे पटण्यासारखं होतं. त्याला ते पटलंही, संध्याकाळपर्यंत.

४

दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठताना त्याने मुद्दाम म्हणून पाहिलं. आवाज खाली ठेवून, लाजत. आरशासमोर एकट्याने हावभाव करताना माणूस लाजतो तसा.

"आकडा धर, तीनशे सत्तर."

तो दाराकडे वळला. मग टेबलाच्या टोकाकडून, "धरला, तीनशे सत्तर."

पळून जावं असं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. कारखाना मोडल्यापासून त्याच्या शेजारी बसून कोणी मोजलं नव्हतं. दुकानात दिवसभर माणसं यायची, बोलायची, घासाघीस करायची; पण शेजारी बसून आपापल्या कामात बुडालेला माणूस, ज्याच्याकडे बघावंही लागत नाही, तो सुटला तो सुटलाच. त्या दुपारी लांब झाल्या, मऊ झाल्या. तो उगीचच उठायचा. खिडकीशी उभा राहायचा, परत यायचा, "सोड" म्हणायचा. उत्तर यायचं. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढायचा, तार मधासारखी वाहायची, आणि खोलीत दोघे जण मोजत बसलेले असायचे.

एकदा मात्र चमत्कारिक झालं. दुसऱ्या बाजूचं वाइंडिंग चाललं होतं, ज्यातून टप्पे काढायचे ते. मेहुणा दारातून डोकावून म्हणाला, "अजून गुंडाळताय? आमच्या बहिणीने स्वेटर विणायला घेतला असता तर एव्हाना बाह्या झाल्या असत्या!" दुकानदार हसत हसत उठला. "आकडा धर, पाचशे चाळीस," असं पुटपुटून बाहेर गेला. आला, बसला, म्हणाला, "सोड."

"चारशे चाळीस."

"पाचशे," तो म्हणाला.

"चारशे चाळीस."

रागावून नाही, समजावूनही नाही. पहिल्यांदा सांगितलं तसंच. दुकानदाराने चष्मा पुसला आणि थर मोजायला बसला. एकदा मोजले, उलटे मोजले. चारशे चाळीस. बोलण्याच्या नादात तो शंभराने पुढे गेला होता. तसाच गुंडाळत गेला असता तर टप्पे चुकले असते, आणि ताईच्या यंत्राला पहिल्या दिवशी काय मिळालं असतं ते देव जाणे.

म्हणजे जो कोणी होता, तो नुसता ऐकलेलं परत सांगत नव्हता. तो बघत होता. वेढा न वेढा.

५

"ठोंब्या," ताई म्हणाली, "ते दुसरं कोण मोजतंय रे?"

तो तिच्या उशीला टेकू देत होता. हात तसाच राहिला. "दुसरं कोण असणार? मीच."

"तुझं मोजणं मला नवीन आहे का? तू मोजतोस ते गाडी सुटायला आल्यासारखं. हे सावकाश आहे, फार सावकाश. एक आकडा कानावर पडतो, मग माझा डोळा लागतो. स्वप्नात एक जिना आहे. मी चढते. दम लागत नाही बरं का, नळी नसते नाकात. चढत चढत दरवाजाशी येते, आणि मग कुठे पुढचा आकडा येतो."

"कोणता आकडा?"

"जागी झाल्यावर कुठे आठवतो? मोठा असतो. आकडे मोजायला तुला मी शिकवलं, आता मलाच विसरायला होतं."

"आवाज बाहेरून येतो ना? माझ्या टेबलाकडून?"

ताईने हनुवटीने पायथ्याकडे दाखवलं. तिथे एक लाकडी स्टूल होतं, बायको तिला औषध द्यायला त्यावर बसायची. आता त्यावर कोणी नव्हतं. "तिथून. तू दुकानात असतोस तेव्हासुद्धा."

दुकानदार स्टुलाकडे बघत राहिला. म्हणजे त्याच्यासाठी आकडा धरणारा आधीपासून स्वतःचं काहीतरी मोजत होता. शेजाऱ्याचं धरायचं ते आपलं न सांडता, हा तर नियमच. पण बॉबिनशिवाय, तारेशिवाय, ताईच्या पायथ्याशी बसून कोणी काय मोजत असेल?

"मी हाकलून देऊ?" त्याने विचारलं. प्रश्न त्याचा त्यालाच पोरकट वाटला.

"गप बस," ताई म्हणाली, डोळे मिटत. "त्याच्याशी बोलू नकोस. चुकेल बिचारं."

६

ट्रान्सफॉर्मर तयार झाला. कॉइलीत एक पट्टी या बाजूने, एक त्या बाजूने असा गाभा भरला, बोल्ट आवळले, व्हार्निश पाजून गच्चीवर उन्हात वाळवला. बायको म्हणाली, "अहो, घरभर वास सुटलाय, माणसं रंगारी राहायला आलाय म्हणतील." पण तिचाही जीव टांगणीला लागला होता, दर तासाला ती गच्चीवर जाऊन बोट लावून यायची.

आधी एका बल्बमधून वीज देऊन पाहिली. जळायचं असेल तर बल्ब भडकतो. बल्ब मंद राहिला. मग मीटर लावलं. चारही टप्पे वहीत काढल्यासारखे बरोबर. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. दुपारी कारखाने चालू झाले, बल्ब पिवळे पडले, आणि दुकानदाराने ताईच्या खोलीत जाऊन खटका एक घर पुढे सरकवला.

यंत्र थबकलं नाही. शिट्टी नाही. ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणत राहिला, पोट भरलेल्या मांजरासारखा, आणि नळीतून हवा येत राहिली. ताईने एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "बरं जमलंय. आता आवाजाचं बघ."

बायको पदराने डोळे टिपत खाली गेली, मेहुणा तिच्यामागोमाग. दुकानदार पलंगाशेजारी उकिडवा बसून कॉइलीला हात लावून पाहत होता, तापते का म्हणून. ताई पेंगायला लागली होती. इतकी शांतता होती की गुणगुणणं हातातूनच ऐकू येत होतं.

पायथ्याचं स्टूल कुरकुरलं. बसलेलं माणूस उठताना कुरकुरतं तसं.

"आकडा धर. चार हजार एकोणीस."

"धरला, चार हजार एकोणीस," दुकानदार म्हणाला.

विचार करायला वेळच नव्हता. मांडीवर पडलेली वस्तू माणूस आधी धरतो, मग बघतो. आपण काय म्हणालो हे त्याला कळलं तेव्हा दाराचा पडदा हलून थांबला होता. खोलीत आता फक्त दोघं होती, हे त्याला पक्कं कळलं. यापूर्वी तसं नव्हतं, हेही.

७

दिवस गेले. कोणी परत आलं नाही.

दुकानदार आकडा घेऊन फिरत होता. माल काढून देताना, जेवताना, दात घासताना, ओठांच्या मागे चार हजार एकोणीस. तो सांडला तर काय होईल हे त्याला माहीत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. गिऱ्हाइकाने बल्ब कितीला विचारलं तर तो तोंड मिटून बोटांनी दाखवायचा. लोक म्हणाले, दाताचं काहीतरी असावं.

ताई होती तशी होती. वाईट नाही, बरी नाही. बायको एकदा नखं कापायला बसली आणि नेलकटर हातात घेऊन बघत राहिली. "अहो, मागच्या खेपेला कापली ती अजून तेवढीच आहेत. कोपऱ्यातलं एक तुटलं होतं, तेही तसंच." तिने ते हसण्यावारी नेलं. दुकानदाराने ताईच्या उशाशी ठेवलेल्या पाण्याकडे पाहिलं, तिच्या केसांकडे पाहिलं. छायाचित्रातलं माणूस पुसून ठेवावं तशी ती स्वच्छ आणि थांबलेली दिसत होती.

मोजणी माझ्याकडे आहे, त्याला वाटलं. तोवर ती पुढे सरकत नाही.

मग मनात दुसरी गोष्ट शिरली. तो येईल, 'सोड' म्हणेल. आपण सांगू ते तो घेईल. नियमच तसा आहे, धरणाऱ्याचा शब्द अखेरचा. दुखणाईताच्या पायथ्याशी बसून जे मोजतात, ते उरलेलंच मोजत असणार. चार हजार एकोणीस उरलेत. मग चार लाख म्हटलं तर?

त्याने मेहुण्याला आडून विचारलं. "समज, कोणी तुझ्याकडे एक आकडा ठेवायला दिला. त्याच्याकडे नोंद नाही. आणि आकडा वाढला तर आपल्या माणसाचं भलं होणार आहे."

"मग विचारताय काय?" मेहुणा म्हणाला. "वाढवा! आणि थोडा वेडावाकडा वाढवा, गोल आकडा सांगितला की संशय येतो." मग तोंड जवळ आणून, "इन्कम टॅक्सचं काही आहे का भाऊजी?"

दुकानदाराने आकडा ठरवला. चार लाख सतरा. तो त्याने वेगळा पाठ केला. आता ओठांमागे दोन आकडे होते.

पण ताई खूश नव्हती. एका दुपारी तिने त्याचा हात धरला. तिचं बोलणं आता हळू झालं होतं, झोपेतून येत असल्यासारखं. "ठोंब्या, काय केलंस रे? मी त्या जिन्यावर मधेच उभी आहे. किती दिवस झाले. पुढची पायरी दिसते, पाऊल उचलत नाही. मागेही वळता येत नाही."

"दुखतंय का?"

"दुखत नाही. कंटाळा आलाय. रोज तीच दुपार." तिने त्याच्याकडे पाहिलं, तो लहानपणी काही लपवायचा तेव्हा बघायची तसं. "तुझ्या तोंडात काहीतरी आहे."

त्याने ओठ मिटून घेतले. काय आहे ते सांगितलं असतं तर सांडलं असतं.

८

तो आला तोही दुपारीच. कारखाने चालू होते, खटका तिसऱ्या घरावर होता, ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. दुकानदार पलंगाच्या कडेला बसून ताईचे पाय चेपत होता. पडदा आत आला आणि परत गेला. स्टूल कुरकुरलं.

"सोड."

त्याने मान वर केली नाही. ताई जागी होती. तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते.

चार लाख सतरा. नुसतं ओठ उघडायची खोटी. बहीण राहील, उणीदुणी काढत राहील, ठोंब्या म्हणत राहील. कोण तपासायला येतंय? पण हात तिच्या पावलावर होता, आणि शेजारी कॉइल गरम-गार होत जिवंत बसली होती. तिच्यात एक वेढा खोटा नव्हता, म्हणून नळीतून हवा येत होती. तो शंभराने चुकला होता तेव्हा याच आवाजाने त्याला दोनदा खरं सांगितलं होतं. काही न मागता. ज्याने तुमचा आकडा असा सांभाळला, त्याचा आकडा तुम्ही बुडवणार? आपण सगळी गणितं आपल्या सोयीची केली, हेही त्याला त्या क्षणी दिसलं. पण कुठे चुकलं ते दिसेना.

"सोड," पुन्हा आलं. पहिल्यासारखंच.

दुकानदाराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "चार हजार एकोणीस," तो म्हणाला.

गुणगुणणं चालू होतं. पलंगाच्या लोखंडी दांडीवर उन्हाचा तुकडा पडला होता, आणि त्या उन्हात, दांडीला धरून, एक बोट होतं. फक्त तर्जनी. बाकीचा हात चादरीच्या चुणीआड, किंवा नव्हताच. तारेची खाच त्या बोटालाही होती. पण दुकानदाराच्या बोटाला होती तशी केसाएवढी नाही. खोल, पार आरपार जात आलेली, तांब्यासारखी चकाकणारी. किती तार सरकली म्हणजे बोटाला अशी खाच पडते, याचा हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तिथेच तुटला. डोळे पुसले तेव्हा दांडीवर नुसतं ऊन होतं.

मग ओठ जेमतेम उघडून, कुठे न बघता, कोणीतरी म्हणालं,

"चार हजार वीस."

दुकानदार बसल्या जागी गार पडला. वीस. पुढे. मोजणी चढती होती. उरलेलं मोजलं जात नव्हतं, झालेलं मोजलं जात होतं. आणि चार लाख सतरा हा शब्द त्याच्या दातांमागे अजून तयार उभा होता. ढकलला असता तर ताई एका फटक्यात कुठे जाऊन पडली असती, ते सांगायला कोणी नव्हतं.

"हां," ताई म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. "उचललं बघ पाऊल." तिचा डोळा लागला. नळीतून हवा येत राहिली.

ताईची ती कॉइल एकूण किती वेढ्यांची आहे, हे त्याने विचारलं नाही. वाइंडरला ते कधीच ठरवता येत नाही. ज्याचं काम असतं तो ठरवतो, आपण गुंडाळत जायचं. ताई आजही दुपारी झोपते. नखं वाढतात, बायको कापते. दुकानदार तेव्हा तिच्या खोलीत असला तर कान बंद करून घेतो, कारण आकडा कळला की माणूस त्यात हात घालायला बघतो.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी एखाद्या शांत दुपारी, कामात हात गुंतलेले असताना, शेजारून कोणी आकडा धरायला सांगितला आणि तुमच्या तोंडून 'धरला' असं निघून गेलं, तर घाबरू नका. फक्त तो परत मागितला जाईल तेव्हा होता तसा द्या. प्रेमाने वाढवू नका, भीतीने कमी करू नका. मोजणी चढती आहे की उतरती, हे धरणाऱ्याला कोणी सांगत नाही. म्हणून हिशोब खरा ठेवा. तेवढं कराच.